गादीत शिवलेलं पाकीट

आष्टी
६ ऑक्टोबर १९८५

कांता,

अक्षर ओळखलं असशील. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या आईच्या, आनंदाकाकूंच्या तेरवीलाही आले नाही. शाळेची तपासणी आहे असा निरोप कोणाच्या तरी हाती पाठवला होता, तो मिळाला असेल.

बाबा गेले. गणपतीत. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आपल्या माहेरच्या गावाहून तुझ्या सासरी अल्लीपूरपर्यंत बातमी तुझ्या कानावर आलीच असेल, म्हणून वेगळं कळवलं नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

तेरवी झाल्यावर बाबांची गादी टाकायला काढली. आई म्हणाली, कापूस आपल्याच वावरातला आहे, खोळ उसवून तो तरी कोणाला देऊ. उसवली तर आतून कागद निघाले. अकरा. कार्डं, आंतरदेशीय पत्रं, दोन पाकिटं. सगळी ७२ ते ७५ सालातली, गावातल्या निरनिराळ्या लोकांच्या नावाची. गावचं पोस्ट आमच्या ओसरीत होतं आणि बाबा पोस्टमास्तर होते त्या दिवसांतली.

दहांच्या बातम्या त्या त्या घरी माणसांच्या तोंडून केव्हाच पोचल्या होत्या. अकरावं पाकीट काकूंच्या नावाचं आहे. तुझ्या प्रेमदासभाऊचं. त्यात काय आहे ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मूळ पाकीट पोस्टात टाकायचा मला धीर होत नाही, म्हणून उतरवून देते.

'बल्लारशा, ता. ११ जुलै ७४. माय, पाया पडतो. हिंगणघाटची गिरणी सोडून मी इकडे लाकडाच्या टालावर लागलो. शोभाले दिवस गेले आहेत. तू म्हणाली होती तोंड दाखवू नको, म्हणून येत नाई. पण बाळंतपणात तिच्याजवळ कोणी बाई माणूस नाई. तू एक कार्ड टाकलं तर आम्ही दोघं येतो. पोळ्यापर्यंत वाट पाहतो. कार्ड आलं नाई तर मी काय ते समजून जाईन आणि मग तुले कधी त्रास देणार नाई. कांताले शिकवजो. प्रेमदास.' खाली टालाचा पत्ता आहे, तो या कागदाच्या मागे लिहिला आहे.

पाकीट उघडलेलं होतं. बाबांनी हे का केलं असेल, आम्हाला काहीच कल्पना नव्हती. अलीकडे त्यांना विसरायला होत होतं. वयाबरोबर माणसाचं होतं असं.

रागावू नकोस म्हणायला तोंड नाही.

नलू


आष्टी
२७ ऑक्टोबर १९८५

कांता,

तुझं कार्ड आलं. मला वाटलं होतं तू शिव्या देशील. तू लिहिलंस, 'नलू, त्यात तुझा काय दोष. रूपरावकाका देवमाणूस होते. बेमारीत माणसाच्या हातून होते असं. मनाले लावून घेऊ नको, जेवत जाजो.' बल्लारशाला पत्र टाकलं असंही लिहिलंस.

ते कार्ड घेऊन मी चुलीपाशी बसले होते. ताटातली भाकर तशीच होती. हे म्हणाले, कोणी गेलं काय? मी म्हटलं, नाही, मैत्रिणीचं पत्र आहे.

७४ साली बाबा त्रेचाळीस वर्षांचे होते. विसरायला होण्याचं ते वय नव्हे. हे तुझ्याही लक्षात आलं असेल, आणि तू मला सोडून दिलंस. तू लहानपणापासून अशीच आहेस. म्हणून तुझ्याशी खोटं बोलणं सोपं जातं.

बाबा वेडे होते. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या घरात तो कोणी उच्चारला नाही. आई म्हणायची, "त्याईचं पोट दुखून राह्यलं." नातेवाईक आले तरी पोट, शेजारी आले तरी पोट. मीही तेच सांगायला शिकले.

देवकाबाई आठवतात? त्यांचा मुलगा नागपूरला मोटारीखाली गेला, त्याचं कोपरा फाडलेलं कार्ड आलं. असं कार्ड बाबा नत्थू डाकवाल्याच्या हाती द्यायचे नाहीत, स्वतः जाऊन हळूहळू सांगायचे. तसं सांगितलं. आठव्या दिवशी देवकाबाईही गेल्या. ते ७१ साल. त्यानंतर बाबांना कार्डांची भीती बसली. डाकेची थैली यायची वेळ झाली की त्यांच्या हातांना घाम सुटायचा. मग त्यांना कागद बोललेले ऐकू येऊ लागले. एखादं पाकीट कानाशी धरून म्हणायचे, "हे रडून राह्यलं." मला समोर बसवून समजावायचे, शाळेतलं गणित समजावतात तसं, "पाहा नलू, पोचलंच नाई तर झालंच नाई."

सगळे दिवस असे नसत. महिना महिना ते अगदी नीट असायचे. दाढी करायचे, लोकांची पत्रं वाचून दाखवायचे, मला बाजारातून चण्याची पुडी आणायचे. मला वाटायचं, संपलं. मग एखाद्या सकाळी ते थैली मांडीवर घेऊन बसायचे आणि उघडूच द्यायचे नाहीत. ते आंघोळीला गेले की आई सील तोडायची, मी पत्ते वाचायचे, तारखेचा शिक्का मारायचे. अकराव्या-बाराव्या वर्षी गावचं पोस्ट मी चालवत होते. नत्थूला कळत असणार. त्यानं कधी विचारलं नाही.

आणि बसचा तो दिवस. आपण सातवीत होतो. समुद्रपूरची गाडी थांबली होती, मधली सुट्टी झाली होती. बाबा बनियनवर, धोतराचा एक सोगा धुळीत, गाडीसमोर उभे राहिले. थैली ड्रायव्हरला दाखवून ओरडत होते, "वापस न्या! यात चौघं मेले आहेत, गावात उतरवू नका!" पोरं हसत होती. मी पाण्याच्या हौदामागे लपले. तू मला लपताना पाहिलंस. तू सरळ रस्त्यावर गेलीस, बाबांचा हात धरलास आणि म्हणालीस, "काका, चला, काकूनं चहा मांडला." ते तुझ्यामागे लेकरासारखे आले. तुम्ही दोघं पुढे आणि मी पन्नास पावलं मागे, जणू मी त्याच रस्त्यानं कुठे दुसरीकडेच चालले होते. संध्याकाळी वर्गातल्या बंडूनं बाबांची नक्कल केली तर तू त्याला दगड मारलास. मी मारला नाही.

आता पाकिटाचं.

ते ७४ च्या जुलैत आलं त्या दिवशी मीच थैलीतून काढलं. प्रेमदासभाऊचं अक्षर मला ठाऊक होतं, बाबांनीच त्याला गिरवायला शिकवलं होतं. मी ते तुमच्या घरी पळत आणून द्यायला निघाले होते. बाबांनी हातातून घेतलं. चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून उघडलं, वाचलं, आणि रडायला लागले. म्हणाले, "हे आनंदाबाईच्या हाती गेलं तर तिची छाती फुटन."

मी म्हटलं, "बाबा, चांगलं पत्र आहे. भाऊ येतो म्हणते."

"कागद तसंच म्हणते, पोरी. आत दुसरं असते."

त्यांनी ते गादीच्या खोळीत खुपसलं. तिथे आधीची होतीच. शिवण उसवली होती, कोपरा बाहेर दिसत होता. आईनं दाभण आणि दुपदरी दोरा माझ्या हातात दिला. "शिव."

"आई, कांताच्या घरचं आहे ते."

"बापाच्या हातात बेड्या पाहाच्या आहेत काय तुले?"

मी शिवलं, कांता. टाके घट्ट घातले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तू विचारलंस, "आमच्या भाऊचं काई आलं काय व?" मी म्हटलं, नाही.

दोन वर्षांनी आईनं पोटाचंच कारण सांगून बाबांना पोस्ट सोडायला लावलं. ओसरीतली पाटी निघाली. गादी होती तिथेच राहिली. दर दिवाळीला आई पिंजाऱ्याला दारातूनच परत पाठवायची.

नलू


आष्टी
२४ नोव्हेंबर १९८५

कांता,

दिवाळीत माहेरी गेले होते. तूही गावात येऊन गेलीस असं कळलं. काकूंच्या बंद घराचं कुलूप उघडून झाडलोट केलीस म्हणे. आमच्या दारावरून दोनदा गेलीस. मी आत होते.

परत आले तर तुझं कार्ड शाळेच्या पत्त्यावर येऊन पडलं होतं. 'बल्लारशाचं पत्र वापस आलं. आणखी काई लपवलं असन तर तेही लिहून टाक. एकदाच.'

आहे.

तू म्हणशील, चौदाव्या वर्षी पोरीला काय कळतं, आईनं शिव म्हटलं, तिनं शिवलं. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण ८१ साली मी एकवीस वर्षांची होते. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवत होते.

फाल्गुन होता. तुझं लग्न होऊन तू अल्लीपूरला गेली होतीस. माझं आष्टीला जमलं होतं, वैशाखातली तारीख धरली होती. एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या. पदराखालून कोरं आंतरदेशीय काढलं. म्हणाल्या, "नलू, तू मास्तरीण झाली. माह्या पोराले चार अक्षरं लिहून दे. कांताले सांगू नको. मीच तिले त्याचं नाव घेऊ देलं नाई, आता कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. शेवटी पत्ता विचारला. त्यांनी हिंगणघाटच्या गिरणीच्या चाळीचा सांगितला. त्यांना तेवढाच ठाऊक होता.

मला बल्लारशाचा पाठ होता. सात वर्षांत एक अक्षर विसरले नव्हते. दहा पावलांवर खोलीत गादी होती, गादीत पाकीट होतं. काकूंना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मग बाबा, मग गाव, मग आष्टी. आष्टीच्या माणसांना आम्ही बाबांचं पोट दुखतं असं सांगितलं होतं. मी हिंगणघाट लिहिलं.

बाबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. कितीतरी दिवस ते कोणाशी बोलले नव्हते. माझ्या हाताकडे पाहत होते. म्हणाले, "पत्ता चुकला, नलू. बल्लारशा लिही."

अगदी स्वच्छ म्हणाले. पोस्टमास्तर सांगतात तसं.

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बल्लारशा? बल्लारशा काऊन म्हणून राह्यले ते?"

आणि मी काय केलं असेल, कांता? मी हसले. काकूंना डोळ्यांनी खुणावलं आणि म्हटलं, "त्यांचं असंच असतं काकू, काहीही बोलतात. मनावर नका घेऊ."

दहा वर्षं मी जी गोष्ट गावासमोर पोटाच्या नावाखाली लपवली होती, ती त्या दिवशी स्वतःहून उघड केली, कारण माझ्या सोयीची होती. काकूंना बाबांची दया आली. त्यांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "किती हुशार माणूस होता बाप्पा." बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कागदाचा विषय कधी काढला नाही.

जाताना काकूंनी विचारलं, "पोचन न व?"

मी म्हटलं, "पोचेल, काकू."

त्या पत्राचं काय झालं मला माहीत नाही. वैशाखात माझं लग्न झालं. काकू लुगडं घेऊन आल्या होत्या. दोन वर्षांनी मार्गशीर्षात त्या गेल्या. त्यांच्या तेरवीच्या दिवशी शाळेची तपासणी नव्हती.

हे लिहिण्याआधी मी यांना सगळं सांगितलं. बाबांचं, पोटाचं, पाकिटाचं. हे शांत माणूस. तिसऱ्या दिवशी आमची मीना अंगणात खडे मांडून खेळत होती, तिच्याकडे पाहत म्हणाले, "तुमच्या घरी आणखी कोणाले होतं काय असं?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "लग्नाआधी सांगाले पाह्यजे होतं." आवाज चढवला नाही. पण तेव्हापासून मीना एकटीच बोलत खेळू लागली की ते उठून तिच्याजवळ जाऊन बसतात.

आता काही लपवलेलं उरलं नाही.

नलू


आष्टी
५ जानेवारी १९८६

कांता,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहत नव्हते. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तुला घर सोडून जाता येणार नाही, म्हणून रजा काढून मी बल्लारशाला गेले. २८ तारखेला.

टाल आहे, मालक बदलला आहे. नव्या माणसाला प्रेमदास नाव ठाऊक नव्हतं. आरा चालवणारा एक म्हातारा मात्र म्हणाला, "तो वर्धेकडचा? त्यानं हे काम केव्हाच सोडलं. टेशनापाशी सायकली दुरुस्त करते."

दुकान म्हणजे वर टिनाचं छप्पर, समोर पाण्याचा टब. भाऊ उलट्या सायकलचं चाक फिरवून पाहत होता. केस पांढरे झाले आहेत. मी उभी राहिले तर न पाहता म्हणाला, "पंक्चर काय?" मग पाहिलं. पाहतच राहिला. "तू रूपरावकाकाची नलू न?"

मी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. तुला तीन पत्रांत सांगितलं ते तिथे एका दमात. पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ग्रीसचे हात पॅंटला पुसले आणि स्वतःचंच अक्षर वाचलं. मग म्हणाला, "पोळ्यापर्यंत म्हटलं होतं यात. म्या दिवाळीपर्यंत वाट पाह्यली. रोज विचारू पोस्टमनले. त्याले माही कीव यायची." कागदाची घडी घालत, "माय?"

मी सांगितलं.

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

तो बोटांवर मोजत बसला. मला आधी कळलं नाही काय मोजतो आहे. "मंजे नऊ वर्षं होती ते. नऊ वर्षं माय जिती होती अन् म्या इथं चाकं फिरवत होतो."

मी खाली पाहत होते. त्याची बायको मागच्या खोलीतून आली होती, मला दिसली नव्हती. ती म्हणाली, "पहिलं लेकरू चार दिवसांचं होऊन गेलं, बाई. घरी आम्ही दोघंच होतो." तिनं मला काही लावून बोलण्यासाठी म्हटलं नाही. मग तिनं मला बसायला पोतं अंथरलं. मी बसले नाही.

भाऊनं विचारलं, "मायनं तुह्याकडून लिहून घेतलं, त्यात काय होतं?"

मला सगळं आठवत होतं. मी म्हणून दाखवलं. तुलाही लिहिते, कारण ते दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही.

'प्रेमदासले मालूम व्हावं का माय जिती आहे. राग राह्यला नाई. सुनेची जात आता विचारत नाई, तिचं नाव काय तेवढं कळवजो. डोळ्याले कमी दिसते, तवा लवकर येजो. येशीन तर कळवून येऊ नको, तसाच येजो. म्या वाट पाहीन तर झोप येणार नाई.'

शोभावहिनी आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. भाऊनं चाकाला हात लावला, ते फिरलं, तो त्याच्याकडे पाहत बसला.

"तुह्ये बाबा वेडे होते," तो शेवटी म्हणाला, "त्याईले माफ आहे. तू तर शहाणी होती."

मी म्हटलं, "हो."

मी निघाले तेव्हा त्यानं हाक मारली. "कांताच्या दारात मले एकट्यानं उभं राहता येणार नाई. बारा वर्षं झाले. तिच्या सासरचे मले ओळखत नाईत. तू नेऊन दे. मंग तुहं-माहं काई नाई."

आम्ही १९ तारखेला, रविवारी येतो. तो, वहिनी आणि त्यांची मुलगी. हिंगणघाटहून दुपारची गाडी धरू. मी रस्त्यावरच थांबेन, तुझ्या दारात येणार नाही.

नलू


आष्टी
२१ जानेवारी १९८६

कांता,

परवा घरी पोचायला उशीर झाला. काल शाळा होती. आज लिहिते आहे.

तू मला पत्र लिहू नको म्हणालेली नाहीस, म्हणून लिहिते. तुला नको असेल तर हे न उघडता परत पाठव.

अल्लीपूरला उतरल्यावर तुझं घर दाखवून मी किराणा दुकानाशेजारच्या लिंबाखाली थांबले. तिथून तुझं अंगण दिसतं. तू कापसाच्या गाठोड्याजवळ होतीस. भाऊ फाटकातून आत गेला आणि तिथेच थांबला. तू आधी त्याला ओळखलं नाहीस. मग त्याच्या शर्टाची छाती दोन्ही हातांनी धरलीस आणि त्याला मारायला लागलीस. तो मारू देत होता. तुझी सासू धावत आली. मग तुम्ही सगळे आत गेलात आणि दार लागलं.

दोन तास मी तिथे होते. दुकानदारानं विचारलं, कोणाकडे आल्या बाई? मी म्हटलं, गाडीची वाट पाहते. तुझी मुलगी तांब्याभर पाणी घेऊन आली. माझ्यासमोर धरून म्हणाली, "आई म्हणते, साडेचारले गाडी आहे." तुझ्यासारखंच नाक आहे तिचं. मी पाणी प्यायले.

सव्वाचारला तू स्वतः आलीस. डोळे सुजले होते. माझ्यापासून चार हातांवर उभी राहिलीस. मला वाटलं, आता बोलशील ते सगळं ऐकून घ्यायचं. तू विचारलंस, "काकाले झालं काय होतं? बेमारीचं नाव काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"डॉक्टर काय म्हणे?"

"डॉक्टरला दाखवलं नाही."

"कधीच नाई?"

मी मान हलवली.

"चौदा वर्षं?" तू म्हणालीस. मग म्हणालीस, "माही जाऊ बाळंतपणानंतर अशीच झालती. भिंतीशी बोले. पोराले जवळ घेऊ नाई दे. तिले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. महिनाभर ठेवलं, गोळ्या देल्या. साऱ्या अल्लीपूरले मालूम आहे. आता मह्याबरोबर कापूस वेचते." तू वावराच्या दिशेनं बोट दाखवलंस, ती तिकडेच कुठे असेल. "काकाले काऊन नाई नेलं?"

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टर घाई करत होता. तू उत्तरासाठी थांबली होतीस, आणि मी पायरीवर चढले. काचेतून पाहिलं तर तू तिथेच उभी होतीस.

हिंगणघाट येईपर्यंत मी उत्तर जुळवत होते. आई अडाणी होती, असं लिहावं. नोकरी गेली असती, असं लिहावं. पण नोकरी ७६ साली सुटलीच होती, आणि मी पुढे चांगली शिकले-सवरले. पगार मिळवत होते. सेवाग्राम कुठे आहे मला ठाऊक होतं, शाळेची सहल घेऊन मी दोनदा तिथून गेले. बाबा घरी भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. त्यांना ते आवाज ऐकू येत होते, कांता. कागद रडताना ऐकू यायचे आणि ते कोणाला थांबवता येत नव्हते. एकदा मी सुट्टीत घरी गेले असताना त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "नलू, याच्यावर काई दवा असन काय व?" ते स्वतः विचारत होते. मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं नाही बाबा."

तू 'काऊन' विचारलंस, त्याचं उत्तर देते.

त्यांना न्यायचं तर गावातून गाडीत बसवावं लागलं असतं. गाडीत गावातले लोक असतात. ते काही बोलले असते, ओरडले असते, आणि मी शेजारी बसलेली सगळ्यांनी पाहिली असती.

एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं.

नलू